मेखोबा मंडपात बसतो

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेखोबाचं गोदाम आहे. गोदाम म्हणजे पत्र्याची शेड. आत छताची कापडं गुंडाळून रचलेली, कडेला खांबांची मोळी, मागच्या भिंतीला दोरांची भेंडोळी, आणि दारातच लोखंडी मेखांनी भरलेलं पिंप. कुणाचं लग्न असो, सत्कार असो, शाळेचं बक्षीसवाटप असो, मंडप घालायचा तो मेखोबानंच. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल. बाकी आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही एकमेकांची तोंडं बघू.

गडी अंगानं किरकोळ. शर्ट घातला तर खुंटीला लटकवल्यासारखा दिसतो. पण हातात घण आला की बघावं! मेख ठोकताना तो जमिनीशी बोलतो. जमीन ओली असेल तर लाडानं, "घे की गं बाई, घे की." मुरमाड लागली तर तिच्या सात पिढ्या काढतो. आणि मेख पक्की बसली की तिला बुटाच्या टाचेनं एक लाथ घालून बघतो. ती हलली नाही तर खूश, हलली तर पुन्हा सात पिढ्या.

या माणसाला एक खोड. तो मंडपात बसत नाही. गावाला बसायला खुर्च्या मांडतो आणि स्वतः खांबाला पाठ लावून उभा राहतो, मान वर करून. लोक वक्त्याकडं बघतात, हा गाठीकडं बघतो. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा हा दचकतो, कारण त्याला वाटतं कापड फाटलं. त्याच्या स्वतःच्या लग्नात मंडप दुसऱ्या मंडपवाल्यानं घातला होता. फोटो काढायची वेळ झाली आणि नवरा गायब. शोधाशोध केली तर मागच्या अंगाला कोट काढून मेख ठोकत होता. "ढिली होती हो," म्हणाला, "पाहुण्यांच्या डोक्यात पडली असती." फोटोवाल्याला घाई. म्हणून लग्नाच्या फोटोत वहिनी एकटी बसलीय, शेजारी रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर कोट. वहिनी अजून तो फोटो आल्यागेल्याला दाखवते. "हे आमचे हे," म्हणते कोटावर बोट ठेवून.

वहिनी म्हणजे याची बायको. गोदामाच्या कोपऱ्यात मशीन टाकून फाटलेली छतं, उसवलेल्या कनाती शिवत बसते. हात मशीनवर, जीभ नवऱ्यावर. दोन पोरं. थोरली पोरगी दुसरीत, बोलायला आईवर गेलेली. धाकटा अजून शाळेच्या वयाचा नाही. त्याला सगळे भोंगा म्हणतात. तो एकदा रडायला लागला की त्याच्यापुढं मंडपातला कर्णा फिका पडतो.

आता लोकांना सुट्टी म्हणजे मेखोबाला काम. त्यामुळं या पोरांना बाप सुट्टीत कधी लाभलाच नव्हता. एका रविवारी थोरलीनं विषय काढला.

"बाबा, तुम्ही एवढे तंबू घालता. आपण तंबूत कधी झोपायचं?"

"झोपू की."

"कधी?"

"हंगाम संपला की."

"हंगाम कधी संपतो?"

वहिनीनं मशीन थांबवलं. "सांगा ना. मलाही ऐकायचंय. लग्न करून आल्यापासून वाट बघतेय मी."

त्या दिवशी वहिनीचा थोरला भाऊ आलेला होता. हा वजनमापं तपासणारा सरकारी साहेब. दुकानदाराचा तराजू, पेट्रोल पंपाचं माप, कापडवाल्याची पट्टी, सगळ्यांवर याची नजर. आणि ती नजर संध्याकाळी ऑफिसात ठेवून यायची असते, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या घरी ग्लासात दूध ओततात तेसुद्धा रेघेपर्यंत. पोरं त्याला तराजूमामा म्हणतात, अर्थात पाठीमागं. जगातली पोरं मामाकडं जायचं म्हटलं की नाचतात. ही दोघं मामाचं नाव निघालं की खाटेखाली शिरतात. मागं एकदा चार दिवस तिथं राहून आली, तर त्यानंतर कितीतरी दिवस भोंगा पाण्याचा पेला हातात धरून विचारायचा, "आई, कुठपर्यंत पिऊ?"

तर हा तराजूमामा हसला. म्हणाला, "भावोजींना जमायचं नाही ते. भावोजी म्हणजे गावचा पाणवठा. कुणीही यावं, घागर भरून न्यावी."

हे मेखोबाला झोंबलं. "का नाही जमणार? येत्या शनिवारी तळ्याकाठी जाऊ. तंबू घालू. आम्ही चौघं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"बघा हं," वहिनी म्हणाली. "मग माझी अट ऐका. तळ्याकाठी पाय टेकल्यापासून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत परक्या माणसासाठी एकही मेख ठोकायची नाही. एक जरी ठोकलीत, तर मी पोरांना घेऊन अख्खी सुट्टी दादाकडं. तुम्ही बसा इथं भात शिजवत."

भाताचं नाव काढलं तसा मेखोबा खाली बघायला लागला. त्यानं शिजवलेला भात एकदा गल्लीतल्या कुत्र्याला घातला होता. ते कुत्रं तेव्हापासून पलीकडच्या रस्त्यानं जातं.

पण खरी पाचावर धारण बसली ती पोरांची. "अख्खी सुट्टी? मामाकडं?" थोरली म्हणाली आणि भोंग्यानं आ वासला. वहिनी बोलून गेली होती तोऱ्यात, पण वहिनीचा शब्द म्हणजे तिची शिवण. उसवत नाही.

"मी येतो पंच म्हणून," तराजूमामा म्हणाला. "हवापालटही होईल. माझा स्वतःचा तंबू आहे."

शनिवारी सकाळी तो तंबू घेऊन आला. एवढीशी पिशवी, भाजी आणायला नेतात तेवढी. मेखोबानं ती दोन बोटांत धरून उलटसुलट केली.

"हे काय? मच्छरदाणी?"

"तंबू आहे. चुटकीसरशी उभा राहतो."

"चुटकीसरशी उभं राहतं ते चुटकीसरशी पडतं," मेखोबा म्हणाला आणि टेम्पो भरायला लागला.

आणि इथं घोळ झाला बघा. टेम्पो भरायची त्याची एक रीत ठरलेली. तळाला स्वागताची कमान, तिच्यावर जाजम, मग खुर्च्यांच्या थप्प्या, कनाती, छत, आणि वरून खांब आणि दोर. वर्षानुवर्षं हात तेच करत आलेले. हात डोक्याला विचारत नाहीत. वहिनी भांड्यांची पाटी घेऊन आली तर टेम्पो शिगोशीग.

"अहो! चौघांना झोपायचंय. गावजेवण नाही!"

"असू दे. ऐनवेळी कशाची गरज लागेल सांगता येत नाही."

"खुर्च्यांची? एवढ्या?"

मेखोबानं टेम्पोकडं पाहिलं. चूक त्याच्या ध्यानात आली असावी, पण भरलेला टेम्पो काम झाल्याशिवाय उतरवायचा, हे त्याच्या अंगवळणी नव्हतं. "चला, उशीर होतोय," म्हणाला.

तळं शहराबाहेर. काठाला हिरवळ राखलेली, एका बाजूला नळ आणि संडास, फाटकापाशी राखणदाराची खोली. आठवडी सुट्टीला बरीच कुटुंबं येऊन तंबू टाकतात. पिवळे, निळे, छोटे छोटे, कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे. तराजूमामानं आपला तंबू खरंच चुटकीसरशी उभा केला. सोबत आणलेल्या कागदावरची चित्रं बघून एकेक मेख ठरल्या कोनात घातली. मग पाणसळ काढली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध आला तेव्हा कुठं आत सतरंजी पसरली.

इकडं मेखोबाचा मंडप उभा राहिला. लाल पांढऱ्या पट्ट्यांचं छत, तिन्ही बाजूंनी कनाती, चौथी बाजू रस्त्याकडं उघडी, कारण कार्याच्या मंडपाचं तोंड रस्त्याकडंच असतं. तळ्याकडं पाठ! माणूस तळं बघायला आलाय हे तो विसरलाच. खाली जाजम. पोरांनी खेळता खेळता खुर्च्या ओळीनं मांडल्या. उरली कमान. कागदी फुलांची, वर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’. ती तशीच टेम्पोत राहिली असती, पण भोंग्याला ती पाहिजे होती. भोंग्यानं पहिला सूर लावला आणि मेखोबा म्हणाला, "लावतो रे बाबा, लावतो." तसंही मंडप घातला आणि कमान लावली नाही असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. चौघांच्या मुक्कामाला सुस्वागतम्!

वहिनीनं स्टोव्ह पेटवला, अंडी उकडत ठेवली. थोरली जाजमावर लोळत होती. आणि कमानीखालून एक म्हातारा नि म्हातारी आत आली. स्वच्छ कपडे, म्हाताऱ्याच्या डोक्यावर टोपी. सरळ पुढच्या रांगेत जाऊन बसली.

"सुरू कधी आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय?"

"कार्यक्रम."

"कार्यक्रम नाही हो, आजोबा," मेखोबा म्हणाला. "आम्ही राहायला आलोय. घरचेच आहोत."

"बरं बरं," म्हातारा समजूतदारपणे म्हणाला. "पाहुण्यांना उशीर व्हायचाच. आम्ही थांबतो. आम्हाला कुठं जायचंय?"

दोन माणसं बसलेली दिसली की तिसरा येतो. हा मंडपाचा नियमच आहे. तान्हं घेऊन एक बाई आली, सावली आहे म्हणून. तिच्यामागं तिचा नवरा, बायको कुठं गेली म्हणून. मग पत्ते खेळणारे चौघं आले, बाहेर पानं उडतात म्हणून. एकानं येऊन विचारलं, मुलाकडच्यांनी कुठल्या बाजूला बसायचं? राखणदारानं तर कुणालाही न विचारता दोन खुर्च्या उचलून फाटकापाशी नेल्या. बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात ना, इथं बोटसुद्धा दिलं नव्हतं. नुसती कमान लावली होती.

ऊन कलेपर्यंत मंडप भरला.

थोरली कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्यापुढं उभी राहिली. "ही आमची झोपायची जागा आहे."

"मग झोप की, बाळ," म्हातारा म्हणाला. "आम्ही काही गोंगाट करत नाही."

पत्तेवाल्यांपैकी एकानं स्टोव्हकडं वाकून पाहिलं. "वहिनी, पंगत कधी बसतेय?"

"बसतेय ना. आधी तुमच्या घरच्यांची उठू दे," वहिनी म्हणाली. तो बिचारा विचारात पडला.

आता खरं सांगायचं तर मेखोबाला मनातून बरं वाटत होतं. भरला मंडप बघून त्याची छाती शर्टात मावेना. खांबाला पाठ लावून उभा, मान वर, नजर गाठीवर. नेहमीसारखा.

"बाबा, आत येऊन बसा ना," थोरली म्हणाली.

"आलो गं. एवढी गाठ बघतो आणि आलो."

तराजूमामा आपल्या तंबूच्या दारात मांडी घालून बसलेला होता. तिथून म्हणाला, "भावोजी, झालं लोकांचं काम सुरू. हरलात."

"कसा काय? मी हात लावला का कशाला?"

"माणसं तुमच्या खुर्च्यांवर बसलीत."

"ती आपल्या पायांनी आली, आपल्या बुडानं बसली. त्यात माझा काय हात?"

दोघांनी वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं अंडी गार पाण्यात टाकली. "मेख ठोकली का? नाही ना? मग अजून हरले नाहीत," म्हणाली. आणि नवऱ्याकडं बघून, "पण घणापासून लांब राहा."

उन्हं उतरली आणि वारा सुटला. आधी तळ्यावर बारीक सुरकुत्या आल्या. मग छोटे तंबू थरथरले. मग तो वारा वळला, रस्त्याच्या अंगानं आला आणि कमानीतून थेट आत शिरला, तोही सुस्वागतम् वाचल्यासारखा. तीन बाजूंना कनाती, एक तोंड उघडं. मंडप कसला, पिशवीच ती. छत फुगलं, खांब करकरले. पत्तेवाल्यांची पानं शेवटी आतही उडालीच.

मेखोबाची नजर गाठीवरून दोरावर, दोरावरून मेखेवर आली. काठाची जमीन मऊ. कोपऱ्यातली मेख हळूहळू वर येत होती, मुळा उपटावा तशी.

त्याचा हात आपोआप घणाकडं गेला.

"थांबा!" तराजूमामा उठून उभा राहिला. "कुणासाठी?"

"अहो, मंडप चाललाय!"

"कुणाचा मंडप?"

"माझा!"

"आणि आत कोण आहे? तुम्ही चौघं. बाकी सगळे परके. परक्याच्या डोक्यावरचं छत सावरायचं म्हणजे परक्याचं काम. एक घाव घातलात की अट मोडली."

"अरे दादा, काहीतरीच काय!" वहिनी म्हणाली.

"अट तुझी आहे. मी फक्त मापतोय."

मेखोबानं घण खाली न ठेवता मंडळींकडं पाहिलं. "उठा हो! बाहेर व्हा सगळे! वारा आहे!"

"वारा आहे म्हणून तर आत बसलोय," म्हातारा म्हणाला. बायकोच्या अंगावरची शाल त्यानं नीट केली. तान्ह्याच्या बापानं खुर्ची आणखी आत ओढली. बसलेलं माणूस मंडपातून उठत नाही हो. जेवण झाल्याशिवाय नाहीच.

"मग तुम्ही ठोका!" मेखोबा मेहुण्यावर ओरडला. "हा घ्या घण!"

"मी पंच आहे. पंचानं खेळायचं नसतं."

मेख आणखी वर आली. आता तिचा ओला भाग दिसायला लागला. मेखोबाच्या कपाळावर घाम, हातात घण, आणि तोंडानं तो मेखेशीच बोलायला लागला, "थांब गं बाई, थांब जरा." एक पाऊल पुढं टाकलं तर थोरलीनं त्याचा उजवा पाय धरला. "बाबा, नाही! अख्खी सुट्टी आहे!" डावा पाय भोंग्यानं मिठीत घेतला आणि असा काही गळा काढला की पलीकडच्या तंबूतले लोक बाहेर आले. "मामाकडं नाहीऽऽ! मामाकडं नाहीऽऽ!" हे एवढ्या माणसांत, भर मैदानात, मामासमोर. तराजूमामाचा चेहरा पडला, पण पंच जागचा हलला नाही.

बाकी त्याचा तंबू मात्र बघण्यासारखा होता. एवढ्या वाऱ्यात कासवासारखा जमिनीला चिकटून बसलेला. काही म्हणजे काही झालं नाही त्याला. हे मेखोबानंही पाहिलं, आणि त्या दुःखात हे एक आणखी दुःख.

वहिनीनं स्टोव्ह विझवला, झारा खाली ठेवला. पदराला हात पुसले. नवऱ्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि मंडपाच्या मागच्या खांबाकडं चालायला लागली. त्या खांबावर छताचा मुख्य दोर येतो. बाकीच्या सगळ्या निरगाठी, पण हा एवढा दोर सुरगाठीनं बांधतात. वादळ आलं तर गाठीचं लोंबतं शेपूट ओढायचं, की खांब जागेवर राहून कापड तेवढं खाली येतं.

मेखोबानं तिचा हात दोराकडं जाताना पाहिला.

"अगं, नको! माणसं आहेत आत!"

मेखोबाच्या हातचा मंडप आजवर पडला नव्हता. गारपिटीत पडला नव्हता, नवरदेवाचे दारुडे मित्र खांबाला लोंबकळले तरी पडला नव्हता. तेवढी एकच गोष्ट होती त्याच्याजवळ मिरवायला.

"मला सांगा," वहिनी म्हणाली, "अटीत मी आहे का कुठं?"

आणि तिनं शेपूट ओढलं.

मंडप धाडकन पडला नाही. म्हैस बसते तसा बसला. आधी पुढचे गुडघे टेकले, मग एक मोठा सुस्कारा सोडला, मग मागचं अंग टाकलं. सगळी मंडळी कापडाखाली. वरून नुसती डोकी दिसत होती, पोत्यातल्या नारळांसारखी. मग आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "संपलं वाटतं. चला, उठा."

मग एकच धांदल. कुणी हसतंय, कुणी शिव्या घालतंय, कुणी दुसऱ्याच्याच बायकोचा हात धरून बाहेर आलं आणि तोंड बघून सोडून दिला. तान्हं आधी निघालं, मग त्याची आई, बाप सगळ्यांत शेवटी. पत्तेवाले चौघंही रांगत बाहेर, एकाच्या तोंडात राजा. म्हातारा टोपी झटकत मेखोबाजवळ आला. "कार्यक्रम छान झाला," म्हणाला. "थोडक्यात, पण छान." ज्याची त्याची मंडळी ज्याच्या त्याच्या तंबूकडं गेली.

मेखोबा घण घेऊन तसाच उभा.

"पडला," तो म्हणाला. घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं.

"पडला नाही," वहिनी म्हणाली. "मी बसवला."

थोरली तोवर कापडाखाली शिरली होती. आत खुर्च्या जशाच्या तशा उभ्या, त्यांच्यावर छत टेकलेलं. मधल्या दोन रांगांत मस्त बोगदा झाला होता. वारा वरच्या वर निघून जात होता. आतून तिची हाक आली, "बाबा! तंबू झाला! खराच तंबू झाला!" भोंगा तिच्यामागं चारी पायांवर. पाठोपाठ वहिनी अंड्यांचं पातेलं आणि पाव घेऊन आत.

मेखोबानं सवयीनं मान वर केली. वर बघायला काही उरलंच नव्हतं. ना गाठ, ना दोर, ना फुगलेलं छत. पाठ टेकायला खांब होता, पण नुसत्या खांबाला टेकून माणूस काय राखणार? तो जरा इकडं तिकडं घुटमळला. मेखेला सवयीनं लाथ घालायला गेला, आणि पाय मागं घेतला. मग घण कमानीला टेकवला, गुडघ्यांवर बसला आणि आत गेला.

बाहेरून तराजूमामाचा आवाज आला. "मेख ठोकलेली नाही. हे मी मान्य करतो."

"मान्य करून झालं असेल तर अंडं खायला ये," वहिनी म्हणाली.

"किती आहेत?"

"मोजू नकोस. ये."

तो आला. कापडाखाली वाकून बसायला लागल्यामुळं त्याला मापता येईल असं काही दिसेना, तर जरा माणसात आला. पोरांनी बापाच्या एकेका मांडीवर जागा धरली. मेखोबा दोनदा म्हणाला, जरा बाहेर बघून येतो. दोन्ही वेळा थोरलीनं विचारलं, "काय बघून?" आणि त्याला सांगता आलं नाही. तिसऱ्यांदा म्हणता म्हणताच झोपला. अर्धं अंडं हातात तसंच. घोरायला असा लागला की तराजूमामानं आपल्या तंबूत गेल्यावर तिथून ओरडून सांगितलं, हा आवाज मर्यादेच्या बाहेर आहे. पोरं बापाला चिकटून झोपली ती हललीच नाहीत.

वहिनीला जाग आली तेव्हा उजाडत होतं आणि शेजारची जागा रिकामी. तिनं कापडाची कड उचलून बाहेर पाहिलं.

म्हाताऱ्याचा तंबू रात्रीच्या वाऱ्यानं एका कुशीवर कलला होता. त्याच्या कोपऱ्यात मेखोबा उकिडवा बसलेला. शर्टाची बटणं उघडी, डाव्या हातात मेख धरलेली, टोक जमिनीला टेकवलेलं, आणि उजव्या हातात घण, डोक्याच्या वर, तसाच धरून. पुतळाच. म्हातारा शेजारी उभा. त्याच्यामागं पत्तेवाले आपापल्या वाकड्या मेखा घेऊन. त्यांच्यामागं तान्ह्याचा बाप. आणि थोरली कधी उठली कोण जाणे, ती बापाच्या घणाच्या दांड्याला लोंबकळत होती.

सगळ्यांची तोंडं तळ्याकडं. तिथं तराजूमामा अंगाला चादर लपेटून, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून उभा.

"आला का हो?" मेखोबानं विचारलं.

"कड दिसतेय."

"मग ठोकू?"

"कड म्हणजे सूर्य नव्हे."

"बाबा, थांबा," थोरली म्हणाली. "फसाल!"

"अगं, हात भरून आला."

"मग खाली ठेवा."

"खाली आणला की ठोकला जाईल ना!"

म्हातारा म्हणाला, "अर्धा तर आला, साहेब. मला इथून दिसतोय."

"अर्धा धरत नाहीत," तराजूमामा म्हणाला. "माप पुरं पाहिजे. अजून बूड पाण्यालाच चिकटलंय."

वहिनीनं कापडाखालून ओरडून सांगितलं, "दादा, लेकरांची सुट्टी तुझ्या सूर्याच्या बुडाला टांगलीय. नीट बघ!"

"बघतोय! बोलू नका. आता... आता... हां." त्यानं एक हात वर केला. सगळ्यांचा श्वास वर. पत्तेवाल्यांतला एक जण पुटपुटला, अरे सुट की बाबा. "सुटला!"

थोरलीनं दांडा सोडला आणि घण असा पडला की तळ्यावरचे बगळे उडाले. "घे की गं बाई, घे की!" दुसरा घाव, तिसरा घाव, टाचेची एक लाथ. आणि मेखोबा शर्टाची टोकं फडफडवत पुढच्या तंबूकडं पळालासुद्धा. मागून सगळी रांग पळाली. भोंग्याला जाग आली आणि त्यानं सकाळचा पहिला सूर लावला.

"जा, जा," वहिनी म्हणाली आणि छताचं कापड पुन्हा डोक्यावरून ओढून घेतलं. "आमची सुट्टी वाचली. आता गावभर ठोकत फिरा."